नियमांची भाषा : बास्केटबॉलमधील थ्रो-इन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• थ्रो-इन म्हणजे काय, तो केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो, हे सांगता येईल.
• थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूवरील व इतर खेळाडूंवरील बंधने स्पष्ट करता येतील.
• नियमभंग आणि फाऊल यांतील भेद सोदाहरण सांगता येईल.
• नियमाचे वाक्य मराठीत लिहिताना कोणती काळजी घ्यावी, हे समजून घेता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांतून आपण अर्ज, इतिवृत्त आणि माहितीपत्रक यांची भाषा अभ्यासली. या घटकात नियमांच्या भाषेचा परिचय करून घ्यायचा आहे. त्यासाठी कायद्याच्या पुस्तकातील उतारा न निवडता बास्केटबॉलमधील एक छोटा नियम निवडला आहे. आपल्यापैकी काही जण शाळेत क्रीडाशिक्षक असतील, काही जण नोकरी सांभाळून एखाद्या संघातून खेळत असतील. अनेकांनी हा खेळ केवळ दूरदर्शनवर पाहिला असेल. या घटकासाठी खेळता येणे आवश्यक नाही; शब्दाचा अर्थ नेमका लावता येणे मात्र आवश्यक आहे.

न्यायालयात एका शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी तारखांवर तारखा पडू शकतात. मैदानावरील पंचाला तो अर्थ शिटी तोंडात असताना, त्याच क्षणी ठरवावा लागतो. म्हणून खेळाच्या नियमात शब्द सैल राहिला, तर त्याची किंमत लगेच आणि कोणाला तरी मोजावी लागते. ही गोष्ट मला एका चुकीतून उमगली, आणि ती चूक माझी स्वतःची होती.

मी नव्याने अध्यापनास लागलो होतो, तेव्हाची ही हकिकत. महाविद्यालयांच्या एका स्पर्धेसाठी आयोजकांनी बास्केटबॉलच्या निवडक नियमांचे मराठी पत्रक माझ्याकडून करून घेतले. पंच म्हणून काम करणारे बरेच जण ग्रामीण भागातील उत्साही क्रीडाशिक्षक होते. त्यांना मराठीतून नियम हवे होते. त्या पत्रकात मी लिहिले : ‘चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने सीमारेषेवर पाय देऊ नये.’ मुलींचा अंतिम सामना मातीच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या रेषांमध्ये चालला होता. सात सेकंद शिल्लक असताना एका गुणाने मागे असलेल्या संघाला थ्रो-इन मिळाला. फेकणाऱ्या मुलीच्या बुटाचे टोक फक्कीवर टेकले. पंचांनी शिटी वाजवली, चेंडू दुसऱ्या संघाला दिला आणि सामना तेथेच संपल्यासारखा झाला. हरलेल्या संघाची कर्णधार पत्रक घेऊन माझ्याकडे आली. “सर, हे वाक्य मूळ नियमात आहे का?” एवढेच तिने विचारले. मी “आहे” म्हणालो. रात्री मूळ इंग्रजी पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा ते वाक्य तेथे नव्हते.

मूळ नियमात काय होते आणि माझ्या वाक्याने त्याचे काय केले, हे आपण भाग ५ मध्ये पाहू. त्यापूर्वी नियमाची रचना समजून घेऊ. येथील विवेचन आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांवर आधारलेले आहे. हे नियम वेळोवेळी सुधारले जातात. त्यामुळे प्रत्यक्ष पंचगिरी करणाऱ्यांनी चालू आवृत्ती जवळ ठेवावी.

२. थ्रो-इन म्हणजे काय?

बास्केटबॉलच्या मैदानाची लांबी २८ मीटर आणि रुंदी १५ मीटर असते. लांबीच्या कडांना बाजूच्या रेषा आणि बास्केटमागील कडांना अंतिम रेषा म्हणतात. दोन्ही मिळून सीमारेषा होतात. सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या खेळाडूने चेंडू मैदानात फेकून खेळ पुन्हा सुरू करणे म्हणजे थ्रो-इन. चेंडू बाहेर गेल्यावर, नियमभंग झाल्यावर, काही प्रकारच्या फाऊलनंतर, प्रतिस्पर्ध्याने गुण केल्यावर, तसेच दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या सत्राच्या आरंभी थ्रो-इन होतो.

व्याख्येतील ‘फेकून’ हे क्रियापद लक्षात घ्या. मैदानात उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हातात चेंडू नुसता ठेवला, तर तो थ्रो-इन होत नाही. चेंडू एका खेळाडूच्या हातातून सुटून दुसऱ्याकडे जायला हवा. व्यवहारात आपण ‘चेंडू दे’ असे दोन्ही कृतींसाठी म्हणतो. नियमाला हा मोकळेपणा परवडत नाही.

थ्रो-इन कोठून घ्यायचा, हेही ठरलेले असते. सर्वसाधारण नियम असा : जेथे नियम मोडला किंवा खेळ थांबला, त्याच्या सर्वांत जवळच्या ठिकाणाहून, मात्र बास्केटच्या फळ्याच्या थेट मागून नव्हे. या सर्वसाधारण नियमाला अपवाद आहेत. सत्राच्या आरंभी फेकणारा खेळाडू गुणलेखकाच्या टेबलासमोरील बाजूस, मध्यरेषेच्या वाढवलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभा राहतो. प्रतिस्पर्ध्याने बास्केट केल्यावर मात्र गुण गमावणाऱ्या संघातील कोणताही खेळाडू आपल्या अंतिम रेषेमागील कोणत्याही ठिकाणाहून चेंडू फेकू शकतो. ‘ठरवून दिलेले ठिकाण’ आणि ‘कोणतेही ठिकाण’ हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

३. आरंभ आणि शेवट

थ्रो-इन सुरू होतो तो चेंडू फेकणाऱ्याच्या स्वाधीन होतो तेव्हा. ‘हातात येतो तेव्हा’ असे मी मुद्दाम लिहिलेले नाही. पंच चेंडू हातात देऊ शकतात, चार मीटरच्या आतून टप्पा देऊन टाकू शकतात, किंवा खेळाडूजवळ जमिनीवर ठेवूही शकतात. चेंडू समोर ठेवलेला असताना खेळाडू तो उचलायला वेळ लावत असेल, तरी मोजणी सुरू झालेली असते. ‘हातात’ हा शब्द वापरला, तर चेंडू न उचलता वेळ काढणाऱ्याला नियमातूनच पळवाट मिळेल. ‘स्वाधीन’ हा शब्द ती वाट बंद करतो.

या क्षणापासून पाच सेकंद मोजले जातात. पंच हाताच्या हालचालीने ते सर्वांना दिसतील असे मोजतात. या पाच सेकंदांचा इतिहास खेळाइतकाच जुना आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे हा खेळ सुरू केला आणि जानेवारी १८९२ मध्ये त्याचे १३ नियम छापून प्रसिद्ध झाले. त्यांतील नवव्या नियमात बाहेर गेलेला चेंडू आत फेकण्यासाठी पाच सेकंदांची मुदत होती. ती आजही आहे. त्याच नियमाचा दुसरा भाग मात्र टिकला नाही. बाहेर गेलेला चेंडू जो प्रथम गाठेल, त्याला तो फेकण्याचा हक्क होता. परिणामी खेळाडू चेंडूमागे मैदानाबाहेर धावत आणि तेथे झटापटी होत. पुढे हक्काचा निकषच बदलण्यात आला : ज्याचा स्पर्श होऊन चेंडू बाहेर गेला, त्याच्या प्रतिस्पर्धी संघाला चेंडू मिळू लागला. ‘प्रथम कोण पोहोचला’ याऐवजी ‘शेवटी कोणाचा स्पर्श झाला’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला आणि धावाधावीचे कारणच उरले नाही.

थ्रो-इन संपतो तो साधारणपणे मैदानातील खेळाडूचा चेंडूला स्पर्श होतो तेव्हा. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. चेंडू स्वाधीन होताच तो ‘जिवंत’ होतो. परंतु सामन्याचे घड्याळ थांबवलेले असेल, तर ते मैदानातील खेळाडूच्या स्पर्शानंतरच पुन्हा चालू होते. म्हणजे हवेतून जाणारा लांब चेंडू सामन्यातील एक क्षणही खर्च करत नाही. तीन सेकंद उरले असतील, तर चेंडू मैदान ओलांडून झेलला जाईपर्यंत तीन सेकंद तसेच असतात.

४. कोणावर कोणते बंधन?

थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूवर पुढील बंधने असतात.

(१) चेंडू सोडण्यास पाच सेकंदांपेक्षा अधिक वेळ लावू नये.
(२) चेंडू हातात असताना खेळण्याच्या क्षेत्रात पाऊल टाकू नये.
(३) सोडलेला चेंडू मैदानातील कोणाचाही स्पर्श न होता सीमेबाहेर जाऊ देऊ नये.
(४) दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श होण्यापूर्वी मैदानात स्वतः चेंडूला स्पर्श करू नये.
(५) चेंडू थेट बास्केटमध्ये टाकू नये.
(६) ठरवून दिलेल्या ठिकाणापासून, चेंडू सोडण्यापूर्वी, एका किंवा दोन्ही दिशांना मिळून एक मीटरपेक्षा अधिक बाजूला सरकू नये. सरळ मागे मात्र जागा असेल तितके जाता येते.

सहाव्या बंधनातील ‘मिळून’ हा शब्द काढून पाहा. एखादी खेळाडू मूळ जागेच्या उजवीकडे ६० सेंटिमीटर आणि नंतर मूळ जागेच्या डावीकडे ६० सेंटिमीटर गेली, तर प्रत्येक दिशेला ती एक मीटरच्या आतच आहे, असा युक्तिवाद करता येईल. ‘मिळून’ या एका शब्दाने तो खोडला जातो. तसेच ‘ठरवून दिलेल्या ठिकाणापासून’ या शब्दांनी बंधनाची मर्यादाही सांगितली आहे. प्रतिस्पर्ध्याने बास्केट केल्यानंतर ठिकाण ठरवून दिलेले नसते. त्या वेळी फेकणारा अंतिम रेषेमागे हवा तितका बाजूला धावू शकतो, रेषेमागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे चेंडू देऊही शकतो. मात्र पाच सेकंद पहिल्या खेळाडूच्या स्वाधीन चेंडू झाल्यापासूनच मोजले जातात. चेंडू दुसऱ्याकडे गेला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही.

इतर खेळाडूंवर दोन बंधने असतात. चेंडू सीमारेषा ओलांडून आत येण्यापूर्वी त्यांच्या शरीराचा कोणताही भाग रेषेच्या बाहेरच्या बाजूस जाता कामा नये. आणि रेषा व तिच्याबाहेरील भिंत, खुर्च्या, प्रेक्षक यांसारखा अडथळा यांत दोन मीटरपेक्षा कमी अंतर असेल, तर त्यांनी फेकणाऱ्यापासून किमान एक मीटर दूर राहावे. शाळांच्या लहान सभागृहांत भिंत रेषेला खेटून असते. तेथे या दुसऱ्या बंधनाची गरज वारंवार पडते. बाहेर पुरेशी जागा असेल, तर बचाव करणारा खेळाडू रेषेच्या आत राहून तिच्याजवळ उभा राहू शकतो.

‘इतर खेळाडू’ या शब्दप्रयोगाकडेही लक्ष द्यावे. घाईने वाचणारा त्याचा अर्थ ‘प्रतिस्पर्धी’ असा घेतो. परंतु फेकणाऱ्याचे सहकारीही ‘इतर’ आहेत.

फेकताना खेळाडूचे हात चेंडूसह रेषेवरून पुढे, मैदानाच्या वर आले, तर तो नियमभंग नव्हे. बंधन पावलावर आहे. मात्र चेंडू अजून त्याच्या हातात असताना प्रतिस्पर्ध्याने तो हिसकावणे किंवा त्यावर थाप मारणे हा थ्रो-इनमधील हस्तक्षेप ठरतो.

५. रेषा कोणाची?

आता माझ्या चुकीकडे वळू. शेतीच्या भांडणांत बांध कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. दोन शेतांमधील बांधाला स्वतःची रुंदी असते, आणि ती रुंदी कोणाच्या वाट्याची हे सांगितलेले नसेल, तर भांडणाला जागा मिळते. खेळातील रेषेलाही रुंदी असते. बास्केटबॉलमध्ये ती पाच सेंटिमीटर आहे. ती आत धरायची की बाहेर, हे प्रत्येक खेळ आपापल्या परीने ठरवतो. टेनिस आणि व्हॉलीबॉलमध्ये रेषेवर पडलेला चेंडू आत धरतात. क्रिकेटमध्ये सीमेच्या दोरीला चेंडू टेकला की चौकार होतो, म्हणजे दोरी बाहेर. फुटबॉलमध्ये संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे जाईपर्यंत तो खेळात असतो.

बास्केटबॉलचा नियम स्पष्ट आहे : सीमारेषा खेळण्याच्या क्षेत्राचा भाग नाही. मैदानाची २८ आणि १५ मीटरची मापेही रेषेच्या आतल्या कडेपासून घेतली जातात. या एका वाक्यातून दोन निष्कर्ष निघतात. चेंडू घेऊन मैदानात पळणाऱ्या खेळाडूचा पाय रेषेला लागला, तर तो बाहेर गेला. आणि थ्रो-इन घेणाऱ्याचा पाय रेषेला लागला, तर तो अजून बाहेरच आहे. त्याने काहीही मोडलेले नाही. पाऊल रेषा ओलांडून आतल्या जमिनीला टेकले, तरच नियमभंग होतो.

मूळ नियमात ‘खेळण्याच्या क्षेत्रात पाऊल टाकू नये’ असे होते. मी ते ‘सीमारेषेवर पाय देऊ नये’ असे केले. मला वाटले, मी तीच गोष्ट सोप्या शब्दांत सांगतो आहे. प्रत्यक्षात पाच सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी मी एका बाजूची दुसऱ्या बाजूला दिली होती. पंचांनी माझे वाक्य अचूक अमलात आणले. त्यांच्याकडे दोष जात नाही. दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना लेखी कळवले, आणि त्या कर्णधार मुलीच्या महाविद्यालयात जाऊन तिला “ते वाक्य मूळ नियमात नव्हते” असे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि “मग पत्रक बदला, सर,” एवढेच म्हणाली. पत्रक बदलले. निकाल बदलण्याची सोय कोणत्याही नियमात नव्हती.

या प्रसंगातून अनुवादाचे एक तत्त्व हाती येते. कथेच्या अनुवादात सोपेपणासाठी शब्द बदलता येतो. नियमाच्या अनुवादात शब्द बदलण्यापूर्वी त्या शब्दाची व्याख्या नियमपुस्तकात अन्यत्र दिली आहे का, हे पाहावे लागते. ‘खेळण्याचे क्षेत्र’ हे वर्णन नसून संज्ञा आहे. संज्ञेच्या जागी वर्णन ठेवले की अर्थ सरकतो.

६. नियमभंग, फाऊल आणि शिक्षा

मैदानाबाहेर आपण कोणत्याही चुकीला ‘फाऊल’ म्हणतो. नियमांच्या भाषेत मात्र नियमभंग आणि फाऊल हे वेगळे आहेत. प्रतिस्पर्ध्याशी बेकायदा शारीरिक संपर्क किंवा अखिलाडू वर्तन म्हणजे फाऊल. तो खेळाडूच्या नावावर नोंदला जातो आणि पाच फाऊल झालेल्या खेळाडूला सामना सोडावा लागतो. नियमभंगात संपर्क नसतो. त्याची व्यक्तिगत नोंद होत नाही. संघ केवळ चेंडू गमावतो.

फेकणाऱ्याने भाग ४ मधील सहांपैकी एखादे बंधन मोडले, तर चेंडू प्रतिस्पर्धी संघाला मिळतो आणि तो मूळ थ्रो-इनच्याच ठिकाणाहून फेकला जातो. सहकाऱ्याने रेषेबाहेर शरीर नेले, तरी हीच शिक्षा होते. बचाव करणाऱ्या खेळाडूला मात्र चेंडू गमावण्याची शिक्षा करता येत नाही, कारण चेंडू त्याच्या संघाकडे नसतोच. म्हणून त्याने रेषा ओलांडून अडथळा आणला, तर प्रथम ताकीद दिली जाते, आणि ती त्याच्या संपूर्ण संघाला लागू होते. पुन्हा तसे घडल्यास टेक्निकल फाऊल दिला जाऊ शकतो. चौथ्या सत्राची आणि जादा वेळेची शेवटची दोन मिनिटे उरली असतील, तेव्हा पंच चेंडू देण्यापूर्वीच हाताच्या ठरावीक खुणेने इशारा देतात. त्यानंतर रेषा ओलांडणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही. थेट टेक्निकल फाऊल होतो आणि प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो मिळतो.

येथे मराठीच्या एका वैशिष्ट्याचा विचार करणे उपयुक्त ठरेल. इंग्रजी नियमपुस्तकात बंधन, मनाई आणि मुभा यांसाठी ठरावीक सहायक क्रियापदे असतात. मराठीत बंधनासाठी ‘राहावे’, मनाईसाठी ‘सरकू नये’ आणि मुभेसाठी ‘जाता येते’ अशी रूपे आपण वापरतो. पण ‘नये’ हे रूप दोन ठिकाणी राबते. ‘रात्री दही खाऊ नये’ हा सल्ला आहे. तो मोडला म्हणून कोणी शिटी वाजवत नाही. ‘पाऊल टाकू नये’ हा नियम आहे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये सारखीच आहेत. मग नियमाला नियमपण कोठून येते? ते शेजारच्या वाक्यातून येते : ‘तसे केल्यास चेंडू प्रतिस्पर्धी संघाला दिला जाईल.’ मराठीत नियम लिहिताना ‘नये’चे वाक्य एकटे सोडू नये, ‘केल्यास’चे वाक्य त्याच्यासोबत असावे. सोसायट्यांच्या आणि ग्रंथालयांच्या कितीतरी नियमावल्या ‘नये’ने भरलेल्या असतात आणि तरीही कोणी त्या पाळत नाही, याचे एक कारण या रचनेत सापडते.

७. एक ऐतिहासिक उदाहरण : म्युनिक, १९७२

थ्रो-इनच्या नियमातील जवळजवळ प्रत्येक शब्द कसोटीला लागला, असा एक सामना बास्केटबॉलच्या इतिहासात आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ समोरासमोर होते. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्स यांनी दोन फ्री थ्रो यशस्वी केले आणि अमेरिका ५०–४९ अशी पुढे गेली. सोव्हिएत खेळाडूंनी लगेच थ्रो-इन घेतला. पण टाइम-आऊट मागितला होता की नाही, यावरून टेबलापाशी गोंधळ उडाला आणि एक सेकंद शिल्लक असताना खेळ थांबवण्यात आला. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी मध्ये पडून घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावण्यास सांगितले. दुसरा थ्रो-इन झाला, तेव्हा घड्याळ अद्याप नीट लावून झालेले नव्हते. भोंगा वाजला, अमेरिकी खेळाडूंनी विजयाचा आनंद साजरा केला आणि तिसऱ्यांदा थ्रो-इन देण्यात आला.

या तिसऱ्या वेळी इव्हान एदेश्को अंतिम रेषेमागे उभे होते आणि त्यांच्यासमोर उंचापुरे टॉम मॅकमिलन हात उंचावून उभे होते. बल्गेरियाचे पंच आर्तेनिक अराबाजियान यांनी हाताने एक खूण केली. मॅकमिलन काही पावले मागे सरकले. एदेश्को यांना मोकळी दिशा मिळाली. त्यांनी चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत फेकला, अलेक्सांद्र बेलोव यांनी तो झेलून बास्केट केले आणि सोव्हिएत संघ ५१–५० असा जिंकला. आपल्याला मागे हटण्यास सांगितले गेले, असे मॅकमिलन यांनी पुढे सांगितले. आपल्या खुणेचा तो अर्थ नव्हता, असे पंचांचे म्हणणे होते. अमेरिकेचा आक्षेप पाच सदस्यांच्या समितीने ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत.

या सामन्याचा न्याय करणे हे आपले काम नाही. भाषेचे अभ्यासक म्हणून आपण एवढेच नोंदवू : पंच आणि खेळाडू यांच्यात समान भाषा नव्हती, होती ती केवळ एक खूण; आणि तिचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे लावला. आज शेवटच्या दोन मिनिटांत दिली जाणारी खूण नियमपुस्तकात आकृतीसह ठरवून दिलेली असते. खूण हीदेखील भाषा आहे, आणि तिलाही व्याख्या लागते.

८. सारांश

थ्रो-इनचा नियम चार प्रश्नांची उत्तरे देतो : केव्हापासून केव्हापर्यंत, कोठून, कोणावर कोणते बंधन, आणि मोडल्यास काय. ‘स्वाधीन’, ‘मिळून’, ‘इतर’ आणि ‘खेळण्याचे क्षेत्र’ या शब्दांपैकी एकही सैल झाला, तर निर्णय बदलतो. आपण उद्या गृहनिर्माण संस्थेची नियमावली लिहाल, शाळेच्या स्पर्धेचे पत्रक तयार कराल किंवा कार्यालयातील परिपत्रकाचा अनुवाद कराल, तेव्हा हेच चार प्रश्न आपल्या मजकुराला विचारून पाहावेत. मजकूर वाचणारा माणूस त्यावर विसंबून निर्णय घेणार आहे आणि तो निर्णय तिसऱ्याच कोणाला तरी सोसावा लागणार आहे, याचे भान ठेवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

पुढील प्रसंगी पंचांचा निर्णय काय असेल, ते सकारण लिहा.
(१) बाजूच्या रेषेबाहेरून फेकताना खेळाडूचा पाय रेषेवर टेकला. रेषेच्या आत गेला नाही.
(२) प्रतिस्पर्ध्याने बास्केट केल्यावर फेकणारा अंतिम रेषेमागे तीन मीटर धावला आणि चौथ्या सेकंदाला त्याने चेंडू फेकला.
(३) फेकलेला चेंडू कोणालाही न लागता समोरच्या बाजूच्या रेषेबाहेर गेला. फेकताना घड्याळात तीन सेकंद होते.
(४) फेकणाऱ्याने रेषेलगत आत उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हातात चेंडू ठेवला.
(५) चौथ्या सत्रात एक मिनिट उरले आहे. पंचांनी इशाऱ्याची खूण केल्यावरही बचाव करणाऱ्या खेळाडूने चेंडू अडवण्यासाठी रेषेबाहेर हात नेला.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(१) खेळ चालू राहील. रेषा खेळण्याच्या क्षेत्राचा भाग नाही. (२) खेळ चालू राहील. येथे ठिकाण ठरवून दिलेले नाही आणि पाच सेकंद उलटलेले नाहीत. (३) नियमभंग. चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मूळ थ्रो-इनच्या ठिकाणी मिळेल. मैदानातील कोणाचाही स्पर्श न झाल्याने घड्याळात तीन सेकंदच राहतील. (४) नियमभंग, चेंडू फेकलेला नाही. (५) टेक्निकल फाऊल. एक फ्री थ्रो. फेकणाऱ्या संघाचा थ्रो-इनचा हक्क कायम राहील.

सरावासाठी स्वाध्याय

(१) आपल्या परिसरातील ग्रंथालय, वसतिगृह किंवा गृहनिर्माण संस्था यांच्या नियमावलीतील ‘नये’ने संपणारी पाच वाक्ये उतरवून घ्या. त्यांतील कोणती नियम आहेत आणि कोणती केवळ सूचना, हे ठरवा. नियमांना योग्य असे ‘केल्यास’चे वाक्य जोडा.
(२) खो-खो किंवा कबड्डी यांपैकी एका खेळातील रेषेविषयीचा नियम एखाद्या अनुभवी खेळाडूला विचारा. त्याने सांगितलेले वाक्य आणि छापील नियमातील वाक्य यांची तुलना करून, अर्थ कोठे सरकला आहे का, ते दोनशे शब्दांत लिहा.